चाळीस पावलं

भवानी पेठ, सोलापूर
८ जानेवारी २०२५

अप्पा,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. हे फोनवरच सांगणार होते, पण मागच्या वेळी मी ‘काठ’ म्हणाले तर तुम्ही ‘खाट विणून घेतली की’ म्हणालात आणि पुढची पाच मिनिटं सुतळीबद्दल बोललात. वीस वर्षं याच पेठेत माग चालवून गेलेल्या कानांना दोष देत नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या ऑफिसला भीमेच्या काठांची मोजणी मिळाली आहे. जुनी आणि नवी उपग्रह चित्रं एकावर एक ठेवून कोणता काठ किती सरकला ते काढायचं. एकूण बावीस वळणं आहेत. वाटणीत आपलं हिरेकट्टीचं वळण माझ्याकडे आलं. मी मागून घेतलं नाही आणि बदलूनही मागितलं नाही.

वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळतं आणि त्याचा पाया खालून खातं. वरची माती काही दिवस अधांतरी राहते, मग एकदम खाली बसते. समोरच्या, आतल्या बाजूला पाणी मंद असतं, तिथे गाळ साचून नवी जमीन तयार होते. एका काठाला खात, दुसऱ्याला भरत नदी अशी आडवी सरकत राहते. आपलं शेत बाहेरच्या काठावर आहे.

मला एकच आकडा हवा आहे. काठापासून अव्वाच्या समाधीच्या दगडापर्यंत आज किती पावलं आहेत? तुम्ही दर संक्रांतीला मोजता आणि मला सांगता. यंदाही मोजा.

हे अंतर पंधरा मीटरच्या आत आलं असेल, तर अव्वाला तिथून हलवून वर माती द्यावी लागेल. तहसीलची परवानगी घ्यायची, मठाच्या अय्यांना विचारायचं, दिवस ठरवायचा, याला वेळ लागतो. पावसाच्या आधी व्हायला हवं. आणि या वेळी मी तिथे असेन.

काव्या


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
हिरेकट्टी, १६ जानेवारी

चि. काव्या हिस अप्पाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, ‘संगप्पा, आता पत्र कोण लिवतंय? कोर्टाचं आसंल, संभाळून फोड.’ तुझं अक्षर बघून जिवात जीव आला.

संक्रांतीला मोजलं. चाळीस पावलं. गेल्या साली चाळीस, त्याच्या आदल्या सालीबी चाळीस. तवा हलवाहलवीचं काय मनात आणू नको. ती हाय तितं बरी हाय.

नदी आडवी सरकती म्हणून लिवलंस, ते खरं हाय. समोर कर्नाटकाच्या काठाला शिवराजनं गाळाच्या नव्या जमिनीत टरबूज लावलंय. परवा नावेतनं दोन टरबूज घेऊन आला. म्हणाला, ‘अण्णा, तुझी माती लई गोड हाय, आणखी धाड की.’ मी म्हटलं, ‘माजी जमीन परराज्यात पळून गेली, तिला नांदवणार कोण? तूच नांदव.’ लई हसला. सातबाऱ्यावर आपली अजून तीन एकर बारा गुंठेच हाय बरं का. कागूद भिजत न्हाय.

ज्वारी पोटऱ्यात हाय. हुरड्याला येतीस का ते कळव. नसंल जमत तर राहू दे.

तुजा,
अप्पा


भवानी पेठ
२७ जानेवारी

अप्पा,

पत्र मिळालं. आकडा जुळत नाही.

माझ्याकडे डिसेंबर २०१८चं चित्र आहे, म्हणजे अव्वा गेली त्याच महिन्याचं. आणि गेल्या डिसेंबरचंही आहे. आपल्या शेताजवळ काठ एकसष्ट मीटर मागे आला आहे. मी तीनदा काढलं. मग आमच्या इंद्रजीत सरांना काही न सांगता तेच काम दिलं, त्यांनाही साठच्या वरच मिळालं.

तुमचं पाऊल पाऊण मीटरचं धरलं, तर चाळीस पावलं म्हणजे तीस मीटर. २०१८ला दगड काठापासून तीस मीटरवर असेल आणि काठ एकसष्ट मीटर मागे आला असेल, तर आजचं अंतर उणे एकतीस येतं. अंतर उणे नसतं.

म्हणजे कुठेतरी चूक आहे. बहुतेक तुम्ही नदीकडे सरळ न जाता बांधाने तिरके जात असाल. तसं केलं की आकडा फुगतो. कृपया पावलांनी मोजू नका. शेजारच्या काशम्माकडून टेप घ्या, एक टोक तिला धरायला लावा आणि दगडापासून काठापर्यंत सरळ मोजा. दगडापासून विहीर किती लांब आहे तेही मोजा. विहीर मला चित्रात सापडत नाही, ज्वारीत झाकली गेली असावी.

एक दुरुस्ती. आपली माती सरळ समोर शिवराजकडे जात नाही. पाणी तिला खाली वाहून नेतं आणि बहुतेक माती पुढच्या वळणावर, आपल्याच बाजूला बसते. त्याची जमीन आपल्या वरच्या गावांतून आलेली असणार.

काव्या


हिरेकट्टी, ७ फेब्रुवारी

चि. काव्या,

म्हणजे शिवराजचं टरबूज आपल्या मातीचं न्हवतंच. मी उगीच मान खाली घालून खाल्लं.

टेपनं मोजलं. दगडापासून काठ अठ्ठ्याण्णव फूट. काशम्मानं टोक धरलं आणि तोंडबी चालू ठेवलं. म्हणती, ‘अण्णा, ही नदी म्हंजे थोरली जाऊ हाय. आदी बांध मागती, मग परडं मागती, मग म्हणती चूल माजी.’ मी म्हटलं, टेप सरळ धर. ती म्हणाली, ‘टेप सरळ हाय, माणूस वाकडं हाय.’ तिला काय बोलून उपेग न्हाय.

विहिरीचं लिवायचं राहिलं. विहीर गेली. लॉकडाऊनच्या साली दसऱ्याच्या टायमाला मोठा पूर आला, त्यात गेली. आता चार सालं झाली. पाणी बंधाऱ्यावरनं पाइपानं घेतो, काय अडत न्हाय. तुला तवा नोकरी न्हवती, घोर नको म्हणून बोललो न्हाय.

हितं सगळं ठीक हाय. तू जेवायला वेळेवर जा. खानावळीत डाळ पातळ देत्यात, मला ठावं हाय.

अप्पा


भवानी पेठ
१५ फेब्रुवारी

अप्पा,

अठ्ठ्याण्णव फूट म्हणजे तीस मीटर. तुमची मोजणी बरोबर आहे. माझीही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात, असा एकच मार्ग आहे. मी तो लिहिणार नाही. तुम्ही लिहा.

त्याआधी एक गोष्ट, जी मी तुम्हाला कधी सांगितलेली नाही. अव्वा गेली तेव्हा माझे पेपर चालू होते. माझी आई, पण तुम्ही शेवटचा पेपर होईपर्यंत कळवलं नाहीत. नऊ दिवस. मी आले तेव्हा माती ओली होती आणि बाकी सगळं झालेलं होतं. घरात बायका माझ्या गळ्यात पडत होत्या. मला रडायला येत नव्हतं आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. बॅगेत कॉलेजचं हातात धरायचं जीपीएस यंत्र होतं, सर्वेच्या सबमिशनसाठी घेतलेलं. मी ते दगडाशेजारी ठेवलं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवून घेतले.

ती वही माझ्याकडे आहे. काल मी तो बिंदू गेल्या डिसेंबरच्या चित्रावर टाकला. तो पाण्यात पडतो. काठापासून चोवीस मीटर आत.

ते यंत्र साधं होतं, त्याचं वाचन सहा-सात मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. पन्नास मीटर नाही.

२०२१ला मी दोन तासांसाठी आले होते. चारी बाजूंना ज्वारी उभी होती. मी त्या दगडासमोर बसून विभूती लावली. मी कशासमोर बसले होते?

आणि दगडापासून आपलं घर किती पावलांवर आहे? हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता.

काव्या


हिरेकट्टी, ३ मार्च

काव्या,

घर अकरा पावलांवर हाय.

दगड मी हलवला. तीन डाव. आता सगळं लिवतो. मधी थांबलो तर परत लिवणं व्हायचं न्हाय.

तुज्या अव्वाला माती दिल्यावर पैल्या पावसाळ्यात काठ आठ पावलं आत आला. मला कळलं, ही थांबणारी न्हवं. मी अय्यांकडं गेलो. अय्या म्हणाले, मातीत बसवलेल्याला उठवू न्हाय, पण नदीच्या तोंडी देण्यापरीस वर आणून परत बसवा, पाप लागलं तर माज्या डोस्क्यावर. दिवाळीच्या पाडव्याचा दिस ठरला. मी घराच्या अलीकडं नवा खड्डा घेतला. पुरुषभर खोल, तिला मांडी घालून बसवायला कोनाडा, जसा पायजे तसा. लिंबाचा पाला, विभूती, सगळं आणून ठेवलं.

अन तुला पत्र टाकलं, ‘दिवाळीला ये.’

तेवडंच लिवलं. का ये, ते लिवलं न्हाय. वाटलं, तू आल्यावर समोर बसून सांगावं. तू कळवलंस, शेवटचं वर्ष हाय, प्रोजेक्ट हाय, जमायचं न्हाय.

पाडव्याला अय्या आले, माणसं आली, फावडी आली. मी म्हटलं, आज न्हाय. अय्या म्हणाले, ‘संगप्पा, मुहूर्त जातोय.’ मी म्हटलं, जाऊ द्या. एक डाव पोरगी नसताना तिला मातीत ठेवलं. पोरगी नसताना परत बाहेर काडू व्हय? ती आल्याबिगर फावडं लावायचं न्हाय. माणसं चिडून गेली.

मग उन्हाळ्यात तू येशील म्हणून थांबलो. उन्हाळ्यात लॉकडाऊन लागला. तो खड्डा एक साल तसाच उघडा होता. शेळ्या पडाय लागल्या म्हणून वर फळ्या टाकल्या.

मग दसऱ्याचा पूर आला. तीन दिस पाणी चढत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पळत जाऊन दगड तेवडा उपसला. परत वळलो अन काठ बसला. मला ऐकू येत न्हाय, तुला ठावं हाय. मागावर असताना कुठला माग बिघडला ते मला पायानं कळायचं. हेबी पायानं कळलं. काशम्मा मला मागनं धरून ओढत होती. तिचं तोंड हलत होतं. काय म्हणत होती ते मी नंतर विचारलं. म्हणाली, ‘मेलेल्यापायी मरू नको म्हणत हुते, मुडद्या.’

फळ्या काडल्या अन खड्डा रिकामाच बुजवला. दगड उरला होता. तू दर संक्रांतीला पावलं विचारायचीस. मी नव्या काठापासून चाळीस मोजली अन तितं दगड रोवला. मग बावीस साली. मग गेल्या साली. दर डावाला चाळीस.

तू बसलीस त्या दगडाखाली काय न्हाय. ते मला ठावं होतं. मी ज्वारीत उभा राहून बघत होतो.

एक गोष्ट आणखी सांगतो, मग वेडा म्हण. आता ती अकरा पावलांवर आली. दारात खाट टाकली की दगड समोर दिसतो. कवा कवा वाटतं की मी हलवतच न्हाय. तीच येती. पुढच्या पावसाळ्यानंतर चाळीस मोजली, तर दगड चुलीपाशी येतोय.

अप्पा


भवानी पेठ
१२ मार्च

अप्पा,

पत्र मिळालं. वाचलं.

काव्या


हिरेकट्टी, ३० मार्च, पाडवा

काव्या,

तुजं पत्र आलं, एका ओळीचं. मी पाच-सा डाव वाचलं.

राग आला आसंल तर राग लिव. पण कायतरी लिव. काशम्मा रोज विचारती, ‘आलं का साहेबिणीचं पत्र?’ मी म्हणतो, कामात हाय. ती म्हणती, ‘कामात हाय तर बरं हाय. बाप कामात न्हाय, तेच वाईट.’

आज गुढीला बत्तासं बांधलं. खाणारं कोण न्हाय, मुंग्या हायत.

अप्पा


भवानी पेठ
१४ एप्रिल

अप्पा,

उशीर झाला. मध्ये दोन पत्रं लिहून फाडली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही दुसऱ्यांदा तेच केलंत. आधी नऊ दिवस, मग पाच वर्षं. मला वाचवायचं म्हणून प्रत्येक वेळी मला बाहेर ठेवलंत. ते खरं आहे आणि अजूनही मला तसंच वाटतं.

दुसऱ्या पत्रात हिशेब होता. २०१९च्या दिवाळीला मला खरोखर वेळ नव्हता का? मी जुन्या ईमेल काढून पाहिल्या. प्रोजेक्टची तारीख दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी होती. मी येऊ शकले असते. हॉस्टेल जवळजवळ रिकामं होतं. मी मेसचं कुलूप लागल्यावर चार दिवस ब्रेड खाल्ला, पण आले नाही. तुम्ही ‘ये’ एवढंच लिहिलंत आणि मी ‘जमणार नाही’ एवढंच लिहिलं. त्या दोन ओळींमध्ये अव्वा राहिली.

हे तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही.

आता पुढचं. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये आपल्या वळणावर मी लाल रेघ मारली आहे. पुढच्या दोन मोठ्या पुरांत काठ जिथवर येऊ शकतो, ती ही रेघ. घर रेघेच्या नदीकडच्या बाजूला येतं. आज घरापासून काठ अडतीस मीटरवर आहे. २०२०च्या एकाच पुरात चौतीस गेले होते. मी कुणाच्याही घराबद्दल हेच लिहिलं असतं.

अप्पा, मेअखेरच्या आत तुम्हाला घर सोडावं लागेल. भवानी पेठेत मी दोन खोल्या बघितल्या आहेत. खाली माग आहेत, दिवसभर जमीन थरथरते. तुम्हाला चालेल असं वाटतं.

काव्या


हिरेकट्टी, २३ एप्रिल

काव्या,

दिवाळीचं तू लिवलंस. ते तू लिवायला नको होतंस, आता माज्या मनातनं जायचं न्हाय. पण लिवलंस ते बरं केलंस.

घर सोडतो. न्हाय म्हणत न्हाय. पण एक हाय.

आता उजनीचं पाणी बंद हाय. नदी खाली बसली. आपल्या बाजूला डोह हाय, पण त्याच्या पलीकडं वाळूचा उंचवटा निघालाय, तितं कमरेएवढं पाणी. तुजी अव्वा होती ती जागा त्या उंचवट्यावर येती. मला आकडे ठावं न्हायत. मला एवडंच ठावं हाय की घराचा उगवतीचा कोपरा अन शिवराजच्या काठावरची चिंच एका रेघेत धरायची, अन त्या रेघेनं घरापासून ब्याण्णव पावलं. तिला माती दिली त्या दिवशी मी मोजली होती. माणसं म्हणाली, संगप्पाला येड लागलं, मोजतोय काय.

मी तितं गेलो न्हाय कवा. गुडघ्यानं व्हायचं न्हाय आता.

तू एक डाव तितं जाऊन उभी राहा. मी काठावरनं बघतो. तू नसताना सगळं झालं, एवडं तुज्या हातनं होऊ दे. मग मी कुलूप लावतो अन तुज्यासंगं येष्टीत बसतो. दगड हितंच राहू दे. तो आता मी हलवायचा न्हाय.

शिवराजला नाव घेऊन यायला सांगतो. पवायला येतं का गं तुला अजून?

अप्पा


भवानी पेठ
२ मे

अप्पा,

पोहायला येतं. तरी ऑफिसचं लाइफ जॅकेट आणते आहे. शिवराजकाकांना नाव डोहाच्या खालच्या बाजूला धरून ठेवायला सांगा.

रविवारी, ११ तारखेला सकाळी सव्वासातच्या एसटीने निघते. नऊपर्यंत फाट्यावर असेन. घ्यायला येऊ नका, चालत येईन. तुमचं सामान आदल्या दिवशीच बांधून ठेवा. तवा, कपडे, रेशन कार्ड, सातबारा. खाट मी टेम्पोत टाकते.

तुमची ब्याण्णव पावलं आणि चिंचेची रेघ मी नकाशावर टाकून पाहिली. माझ्या वहीतला बिंदू त्या रेघेवरच येतो, पण सात मीटर अलीकडे. जागा एकच होती, आकडे दोन आहेत. माझं यंत्र साधं होतं. मी बिंदू घेऊन येणार नाही. वहीही आणणार नाही.

मोजणीच्या कामात एरवी मी यंत्रामागे उभी असते. पट्टी धरणारा माणूस लांब उभा असतो, इतका लांब की ओरडून उपयोग नसतो. तेव्हा हाताने खुणा करायच्या. हात डावीकडे नेला की तो डावीकडे सरकतो. तळवा पुढे ढकलला की मागे जातो. हात वर करून स्थिर धरला की ती जागा बरोबर.

मी पाण्यात असेन, तुम्ही काठावर. तिथून मी काही विचारलं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. काठाच्या अगदी कडेवर उभे राहू नका, चार पावलं मागे राहा. घराचा कोपरा आणि चिंच एका रेघेत धरा आणि मला हात दाखवत राहा. घाई करू नका. डावीकडे, उजवीकडे, अजून पुढे, जितक्या वेळा हलवाल तितक्या वेळा मी हलेन.

तुमचा हात वर गेला की मी थांबेन.

काव्या